इंग्रजी ‘टेक’ स्पॅनिशमध्ये: कुठे तोमार, कुठे येबार, कुठे साकार

प्रश्न असा आहे: इंग्रजीतल्या ‘टेक’ या क्रियापदासाठी स्पॅनिशमध्ये नेमका कोणता शब्द वापरायचा? शब्दकोश उघडला की तोमार, कोखेर, येबार, साकार, कितार, तार्दार अशी रांगच लागते. त्यातला कुठला कधी, हे काही त्या रांगेवरून कळत नाही.

मराठी माणसाला हे कोडं इंग्रजी माणसापेक्षा लवकर सुटतं. इंग्रजीत ‘टेक’ एकटा जी कामं ओढतो, ती मराठीने केव्हाच वेगवेगळ्या क्रियापदांत वाटून टाकली आहेत. गोळी आपण घेतो, मुलाला शाळेत नेतो, फोटो काढतो, कामाला वेळ लागतो, परीक्षा देतो, कागदावर नजर टाकतो आणि टाकीत पन्नास लिटर पाणी मावतं. या सातही ठिकाणी इंग्रजीत ‘टेक’ चालतो. स्पॅनिशने केलेली वाटणी बरीचशी आपल्यासारखीच आहे. म्हणून इंग्रजी वाक्य समोर आलं की ते थेट स्पॅनिशमध्ये न्यायला जाऊ नका. आधी मराठीत म्हणून पाहा, कोणतं क्रियापद तोंडात आलं ते बघा आणि तिथून स्पॅनिशकडे वळा. ही वाट काही ठिकाणी दगाही देते. त्या जागा खाली त्या त्या ठिकाणी सांगितल्या आहेत.

लेखनाबद्दल एवढंच: स्पॅनिश शब्द इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. त्या भाषेत ‘बी’ आणि ‘व्ही’ या अक्षरांचा उच्चार एकच, म्हणून दोन्हींसाठी ‘ब’. ‘एल’ जोडीने आला की ‘य’, ‘जे’साठी घशातला ‘ख’, आणि ‘एच’ मुका. ‘आसेर’सारख्या शब्दातला ‘स’ स्पेनच्या बहुतेक भागांत जीभ दातांमध्ये धरून, ‘थ’च्या जवळ जाणारा उच्चारतात. लॅटिन अमेरिकेत तो साधा ‘स’च.

घेणे: तोमार

हाताने, तोंडाने किंवा मनाने घेणे म्हणजे तोमार. क्रियापद अगदी नियमित आहे: तोमो, तोमास, तोमा, तोमामोस, तोमाइस, तोमान. औषधाच्या सूचनेत ‘तोमे उना पास्तिया कादा ओचो ओरास’ असं असतं, म्हणजे दर आठ तासांनी एक गोळी घ्या. निर्णयही घेतातच: तोमार उना देसिसिओन. इथे इंग्रजी ‘मेक’ वापरते आणि मराठी-स्पॅनिश दोघी ‘घेणे’. ताप मोजणे म्हणजे तोमार ला तेम्पेरातुरा. रक्तदाब मोजणे हे स्पेनमध्ये तोमार ला तेन्सिओन, लॅटिन अमेरिकेत तोमार ला प्रेसिओन. आपण ऊन खातो, ते स्पॅनिशमध्ये घेतात: तोमार एल सोल.

खाण्यापिण्याच्या बाबतीत मात्र दोन खंडांत फरक आहे. स्पेनमध्ये तोमार हे पिण्यालाही चालतं आणि खाण्यालाही. उपाहारगृहात ‘के बास आ तोमार?’ असं विचारलं तर ‘काय घेणार?’ एवढाच अर्थ. लॅटिन अमेरिकेत तोमार म्हणजे मुख्यतः पिणे, आणि पुढे कुठलाही पदार्थ न जोडता नुसतं ‘तोमास?’ विचारलं तर तो प्रश्न दारूबद्दलचा असतो. मराठीत ‘तुम्ही घेता का?’ ज्या सुरात विचारतात, अगदी तोच सूर. ‘एस्ता तोमादो’ म्हणजे तो प्यायलेला आहे.

आता ‘तोमार’ आणि ‘तोमार्से’ यांतला फरक. पुस्तकं तो घाईत उरकतात, म्हणून थोडं थांबतो. ठरावीक मात्रा पूर्ण घेतली, संपवली, की स्पॅनिश माणूस बहुधा ‘से’ जोडतो (‘मी’साठी त्याचं रूप ‘मे’, ‘तू’साठी ‘ते’): ‘मे तोमे उन काफे’, मी एक कॉफी घेतली. नेहमीची सवय सांगायची असेल, मात्रा ठरलेली नसेल, तर ‘से’ येत नाही: ‘तोमो काफे पोर ला मान्याना’, मी सकाळी कॉफी घेतो. ‘मे तोमो काफे’ हे तुटक वाटतं, कारण ‘से’ला मोजता येणारं काहीतरी लागतं: एक कप, दोन गोळ्या, अख्खं सूप. मराठीत ‘पिऊन टाकला’ हे ‘टाकणे’ जसं काम पुरं झाल्याची खूण करतं, तसाच हा ‘से’. ‘तोमार्से’चा दुसरा वापर मनावर घेण्याचा. ‘नो ते लो तोमेस आ माल’ म्हणजे वाईट वाटून घेऊ नकोस. ‘तोमातेलो कोन काल्मा’ म्हणजे शांतपणे घे.

मराठीतलं प्रत्येक ‘घेणे’ मात्र तोमार होत नाही, आणि मराठी विद्यार्थ्याच्या चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. काळजी घेणे हे ‘कुइदार’ या एकाच क्रियापदात मावतं. मुलाची काळजी घेणे म्हणजे कुइदार आल निन्यो, आणि निरोप देताना म्हणतात ते ‘काळजी घे’ म्हणजे ‘कुइदाते’. जपून राहा म्हणायचं असेल तर ‘तेन कुइदादो’. ‘तोमार कुइदादो’ असं जुळवून म्हटलं तर ऐकणाऱ्याला ते परकं वाटतं. निरोप घेणे म्हणजे देस्पेदिर्से, मुलाखत घेणे म्हणजे एन्त्रेबिस्तार. फायदा घेणे म्हणजे आप्रोबेचार, पण त्यालाच ‘से’ आणि ‘दे’ जोडून ‘आप्रोबेचार्से दे’ केलं की बहुतेक वेळा तो गैरफायदा होतो. संधी साधल्याचं कौतुक करायला गेलात आणि ‘से’ चुकून लागला, तर कौतुकाचा आरोप होतो.

कोखेर: कुठे बोलायचं आणि कुठे नाही

हातात घेणे, पकडणे, बस पकडणे या सगळ्याला स्पेनमध्ये सर्रास कोखेर म्हणतात: कोखेर एल आउतोबुस. शब्द लॅटिन ‘कोलिगेरे’वरून आला आहे, म्हणजे गोळा करणे. स्पेनमध्ये त्यात गैर काहीच नाही. पण मेक्सिको, मध्य अमेरिका, अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे, बोलिव्हिया, व्हेनेझुएला आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक इथे हाच शब्द संभोगासाठीचा अशिष्ट शब्द आहे. 1713 मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश भाषेच्या शाही अकादमीच्या शब्दकोशातही हा अर्थ या प्रदेशांच्या नावांसह नोंदलेला आहे. उलट कोलंबिया आणि क्यूबा इथे बस कोखेर करायला कुणाची हरकत नसते.

माझा सल्ला सरळ आहे. समोरचा कुठल्या देशाचा हे ठाऊक नसेल तर बससाठी तोमार वापरा, स्पेनमध्येही ते सगळ्यांना कळतं. हाताने धरण्यासाठी मेक्सिको आणि अर्जेंटिनात ‘आगार्रार’ म्हणतात. रेकोखेर म्हणजे गोळा करणे किंवा कुणाला घ्यायला जाणे, आणि एस्कोखेर म्हणजे निवडणे. हे दोन्ही शब्द कुठेही निर्धास्तपणे वापरा, त्यांना तो डाग लागलेला नाही.

लिहिताना एक अडचण येते. कोखेरमध्ये ‘ई’च्या आधी ‘जी’ आहे, म्हणून उच्चार ‘ख’. ‘मी घेतो’ म्हणताना पुढे ‘ओ’ येतो, आणि ‘ओ’च्या आधीचा ‘जी’ ‘ग’ होतो. उच्चार टिकवायला तिथे ‘जे’ लिहावा लागतो. कानाला बदल काहीच नाही (कोखो, कोखेस, कोखे), बदल फक्त कागदावर.

नेणे: येबार

येबार हा शब्द लॅटिन ‘लेवारे’पासून, म्हणजे उचलणे. आज त्याचा मुख्य अर्थ इथून तिथे नेणे. मराठीचा इथे मोठा उपयोग आहे. आपण ‘गाडी दुरुस्तीला नेतो’ म्हणतो, पण ‘आईला दवाखान्यात नेतो’. निर्जीवाला प्रत्यय लागत नाही, माणसाला ‘ला’ लागतो. स्पॅनिशही हेच करते: ‘येबो एल कोचे आल तायेर’, पण ‘येबो आ मि माद्रे आल ओस्पिताल’. तो ‘आ’ म्हणजे आपला ‘ला’. इंग्रजीतून शिकणाऱ्यांचा हा ‘आ’ वर्षानुवर्षं गळत राहतो. तुमच्या मराठी वाक्यात ‘ला’ आला की स्पॅनिशमध्ये ‘आ’ घाला, क्वचितच चुकाल.

जोर कुठे पडतो याकडे लक्ष द्या. ‘येबो’ म्हणताना ‘ये’वर जोर दिला तर अर्थ ‘मी नेतो’, आणि ‘बो’वर दिला तर ‘त्याने नेलं’. तोमो, साको, कितो या सगळ्यांत हेच घडतं. लिहिताना भूतकाळाच्या शेवटच्या ‘ओ’वर तिरकी रेघ येते. ती विसरली तर कर्ता आणि काळ दोन्ही बदलतात.

आता मराठीचा सापळा. नेणे आणि आणणे यांची जोडी येबार आणि त्राएर यांच्याशी जुळते, पण दिशा ठरवण्याचा नियम वेगळा आहे. स्पॅनिशमध्ये बोलणारा आत्ता जिथे आहे ती जागा हाच खुंटा. त्या जागेकडे येतं ते त्राएर, त्या जागेपासून दूर जातं ते येबार. ऐकणारा कुठे आहे याने फरक पडत नाही. मराठीत आपण ऐकणाऱ्याची बाजू घेतो. फोनवर ‘उद्या तुमच्याकडे पुस्तक घेऊन येतो’ म्हणतो, हाक आली की ‘आलो आलो’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये पहिल्याचं ‘मान्याना ले येबो एल लिब्रो’ होतं, म्हणजे शब्दशः ‘उद्या तुम्हाला पुस्तक नेतो’, आणि दुसऱ्याचं ‘या बोय’, म्हणजे ‘जातोच’. इथे मराठीच्या चालीने ‘त्रायगो’ किंवा ‘बेन्गो’ म्हणाल तर समोरच्याला तुम्ही आधीच त्याच्या घरी पोचल्यासारखं वाटेल.

‘येबार’ला ‘से’ जोडला की अर्थ ‘घेऊन निघून जाणे’. ‘से येबो मि पाराग्वास’ (जोर ‘बो’वर) म्हणजे तो माझी छत्री घेऊन गेला. ‘येबार’ला कुठे नेलं याची अपेक्षा असते, ‘येबार्से’ला कुठून गेलं एवढं पुरतं. दुकानात वस्तू पसंत पडल्यावर म्हणायचं वाक्यही हेच: ‘मे लो येबो’, हे घेतो मी. ‘मे लो तोमो’ म्हटलंत तर तुम्ही ती वस्तू पिणार असा अर्थ निघतो.

येबारचे आणखी दोन अर्थ भेटतील. अंगावर असणे: ‘येबा गाफास’, तो चष्मा वापरतो. आणि सुरू असलेला काळ: ‘येबो दोस आन्योस एस्तुदियान्दो एस्पान्योल’, मी दोन वर्षं स्पॅनिश शिकतोय. या दोन्हींचा ‘टेक’शी संबंध नाही, पण वाचताना ‘नेणे’ लावून बसलात तर वाक्य उलगडणार नाही.

काढणे: साकार की कितार

मराठीत ‘काढणे’ एक, स्पॅनिशमध्ये त्याची दोन. कसोटी अशी: आतून बाहेर काढलं तर साकार, वरून किंवा अंगावरून काढलं तर कितार. खिशातून किल्ली, बँकेतून पैसे, कचरा घराबाहेर: साकार. दाढ काढली तरी ‘मे साकारोन उना मुएला’. भांड्यावरचं झाकण, कपड्यावरचा डाग, पायातले बूट: कितार. अर्जेंटिना आणि चिलेमध्ये कपडे-बूट काढायलाही ‘साकार्से’ म्हणतात, तेव्हा तिथल्या माणसाचं ऐकून गोंधळू नका.

फोटो काढणे म्हणजे साकार उना फोतो, शब्दाला शब्द मराठीच. स्पेनमध्ये आसेर उना फोतो आणि लॅटिन अमेरिकेत तोमार उना फोतोही ऐकू येतं. तिन्ही सगळीकडे कळतात. तिकीट काढणेही साकार. कुत्र्याला फिरवायला नेणे हे साकार आल पेर्रो, पुन्हा तो ‘आ’ आलाच. पण नोट्स काढणे हे साकार नव्हे. त्याला तोमार आपुन्तेस म्हणतात. ‘साकार बुएनास नोतास’चा अर्थ चांगले गुण मिळवणे असा आहे. वर्गात ‘मी नोट्स काढल्या’ सांगायला जाऊन भलतंच सांगण्याची ही हमखास जागा.

कितारचा दुसरा अर्थ हिसकावून घेणे, आणि इथे विभक्ती सांभाळायला हवी. मराठीत ‘त्याच्याकडून फोन काढून घेतला’. स्पॅनिशमध्ये ज्याच्याकडून घेतलं तो ‘त्याला’च्या रूपात येतो: ‘ले कितारोन एल तेलेफोनो’. ‘कडून’चा शब्द शोधून ‘दे एल’ लावायचं नाही. स्वतःच्या अंगावरचं काढताना ‘मे’, ‘ते’, ‘से’ हवंच आणि वस्तूला ‘माझे’, ‘तुझे’ लावायचं नाही. ‘किताते लोस सापातोस’ म्हणजे बूट काढ. ‘तुझे बूट’ असं इंग्रजी म्हणते. मराठी आणि स्पॅनिश म्हणत नाहीत.

लागणे: वेळ आणि गरज

‘मला दोन तास लागले’ याची दोन भाषांतरं होतात आणि त्यांचे कर्ते वेगळे आहेत. पहिलं ‘मे येबो दोस ओरास’, जोर ‘बो’वर. लॅटिन अमेरिकेत याच जागी ‘मे तोमो’. रचना मराठीचीच: काम कर्ता, माणूस ‘मला’. दुसरं ‘तार्दे दोस ओरास’, जोर ‘दे’वर. इथे कर्ता माणूस, ‘मी दोन तास लावले’ असं. या दोन साच्यांची सरमिसळ करून ‘मे तार्दो दोस ओरास’ (जोर ‘दो’वर) असं वाक्य नवशिके हमखास बनवतात, आणि ते चूक आहे. तार्दारनंतर दुसरं क्रियापद आणायचं तर मध्ये ‘एन’ लागतो: ‘तार्दे दोस ओरास एन येगार’, पोचायला दोन तास लावले. सर्वसाधारण सांगायचं असेल तर ‘से तार्दा उना ओरा’, एक तास लागतो.

गरजेचं लागणे मात्र वेगळं. या कामाला दोन माणसं लागतात: ‘आसेन फाल्ता दोस पेर्सोनास’. माणसं अनेक म्हणून क्रियापदही अनेकवचनी, ‘आसे’ नव्हे ‘आसेन’. मराठीत ‘दोन माणसं लागतात’ म्हणताना आपण हे न शिकता करतो. इथेही तसंच करा.

परीक्षा, वर्ग आणि बाकीची पांगापांग

विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतात, ही मराठीची वाटणी दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला जशीच्या तशी सापडते. चिले आणि अर्जेंटिनात विद्यार्थी बसतो तेव्हा ‘दार उन एक्सामेन’ किंवा ‘रेन्दिर’, आणि अर्जेंटिनात शिक्षक घेतात तेव्हा ‘तोमार एक्सामेन’. स्पेनमध्ये विद्यार्थी ‘आसे उन एक्सामेन’ म्हणजे परीक्षा ‘करतो’, मेक्सिकोत ‘प्रेसेन्ता’ म्हणजे सादर करतो. स्पेनमध्ये आसेर, इतरत्र प्रेसेन्तार म्हटलंत तरी काम भागतं. वर्गाच्या बाबतीत सावध राहा. ‘दोय क्लासेस’ म्हणजे मी शिकवतो. शिकायला जात असाल तर ‘बोय आ क्लासेस’ किंवा ‘तोमो क्लासेस’ म्हणा.

फेरफटका मारणे हे दार उन पासेओ, पाऊल टाकणे दार उन पासो, अंघोळ करणे दुचार्से. नजर टाकणे एचार उन बिस्तासो, आणि एचारचा मूळ अर्थ टाकणेच. डुलकी काढणे एचार्से उना सिएस्ता. मावणे म्हणजे काबेर: ‘काबेन सिन्क्वेन्ता लित्रोस’. याचं ‘मी मावतो’ हे रूप ‘केपो’ असं अनियमित आहे, पाठच करावं लागतं. सहन न होणे म्हणजे ‘नो आग्वान्तो मास’. घडणे म्हणजे तेनेर लुगार. गृहीत धरणे म्हणजे दार पोर सेन्तादो.

‘टेक’ला ऑफ, आफ्टर, अप असे शब्द चिकटले की मूळ क्रियापद सोडूनच द्या. विमान उडणे म्हणजे देस्पेगार. आई-वडिलांवर जाणे म्हणजे सालिर आ किंवा पारेसेर्से आ. नोकरीवर ठेवणे म्हणजे कोन्त्रातार, टिपून घेणे म्हणजे आनोतार, जागा व्यापणे म्हणजे ओकुपार. यांना नियम नाही, एकेक शब्द शिकणं एवढाच मार्ग.

शेवटी एकच उतारा सोडवून पाहू. इंग्रजीत यातल्या पाचही क्रियांना ‘टेक’ बसतो: ‘आईला डॉक्टरकडे न्यायला मला एक तास लागला. डॉक्टरांनी तिचा ताप मोजला, चष्मा काढला आणि दिवसाला दोन गोळ्या घ्यायला सांगितलं.’

स्पॅनिश: ‘तार्दे उना ओरा एन येबार आ मि माद्रे आल मेदिको. ले तोमो ला तेम्पेरातुरा, से कितो लास गाफास इ ले दिखो के से तोमारा दोस पास्तियास आल दिआ.’

वेळ लागला म्हणून तार्दे, मग ‘एन’, न्यायला म्हणून येबार, आई माणूस म्हणून ‘आ’. ‘तिचा ताप’ स्पॅनिशमध्ये ‘तिला’ होतो, म्हणून ‘ले तोमो’. चष्मा स्वतःच्याच डोळ्यांवरचा, म्हणून ‘से कितो’, आणि ‘त्यांचा’ चष्मा म्हणायचं नाही. लॅटिन अमेरिकेत गाफासच्या जागी लेन्तेस किंवा आन्तेओखोस. गोळ्या मोजून दोन, म्हणून तोमारबरोबर ‘से’. आणि सांगितलेली गोष्ट भूतकाळातली सूचना आहे, म्हणून ‘तोमा’ नाही तर संशयार्थी (सबजंक्टिव्ह, ‘घ्याव्या’ अशा अर्थाच्या) भूतकाळाचं ‘तोमारा’. तिथे ‘तोमाबा’ वापरलंत तर डॉक्टरांनी गोळ्या घ्यायला सांगितलं नाही, ती आधीपासूनच घेत होती असा अर्थ होईल.